ताईकडून आलेला फ्रीज

माझ्या घरघरीकडे लक्ष देऊ नका, वय झालं की छातीतून आवाज येतोच. मी फ्रीज बोलतोय. एका दाराचा, मळकट पांढरा, आणि दोन बहिणींच्या दोन घरांत नांदलेला.

आधी मी थोरलीकडे होतो. दोघी बहिणींची लग्नं एकाच दिवशी झाली. दोघींचे नवरे लेथवरचे कारागीर, पगारही उन्नीस-बीस. थोरली बंदराकडे राहायला गेली, धाकटी डोंगरापलीकडे. राज्य तेच, सरकार तेच, लोखंडही तेच. पण बंदराकडे कारखान्यांमागून कारखाने आले, आणि डोंगरापलीकडची गिरणी बंद पडली ती पडलीच. थोरलीच्या घरी दर वर्षी काहीतरी नवीन यायचं. धाकटीचा नवरा मात्र तेवढ्याच मजुरीसाठी लेथपुढे जास्त वेळ उभा राहू लागला. ‘कष्ट केले की माणूस वर येतोच,’ असं थोरलीचा नवरा जेवताना म्हणायचा. मी थंडपणे ऐकून घ्यायचो.

पुढे थोरलीकडे दोन दारांचा फ्रीज आला आणि मला टेम्पोत चढवलं. डोंगराच्या वळणांवर माझे कप्पे असे खडखडले की वाटलं, आता काही आपण पोचत नाही.

धाकटीने मला स्वयंपाकघरात मोक्याची जागा दिली. तिच्या नवऱ्याने मात्र माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “आपलं घर म्हणजे त्यांची अडगळीची खोली आहे का?” एवढंच तो म्हणाला. कित्येक दिवस तो माठातलंच पाणी प्यायचा. वर ते गोड लागतं, असंही सांगायचा.

थोरलीकडे माझ्यात आठवडाभराचं अन्न कोंबलेलं असे आणि निम्मं टाकून दिलं जाई. इथे मी बराचसा रिकामाच होतो. मग शेजारचा न्हावी त्याची इन्सुलिनची इंजेक्शनं ठेवून गेला, वरच्या मजल्यावरची बाळंतीण दूध ठेवू लागली. माझं दार दिवसभर उघड-मीट व्हायचं, मला क्षणाची उसंत नव्हती. खरं सांगू? एवढा मान मला कधीच मिळाला नव्हता.

एक दिवस त्या उघड-मिटीने दाराच्या बिजागरीची खीळ तुटली. धाकटीचा चेहरा उतरला. नवरा तुटलेली खीळ खिशात टाकून कामावर गेला आणि संध्याकाळी लेथवर कातलेली नवी खीळ घेऊन आला. बसवून झाल्यावर त्याने दार दोनदा लावून पाहिलं, आतली बाटली काढली आणि घटाघटा पाणी प्यायला. त्या दिवशी मी त्याचा झालो.

माझ्यामागून आणखीही सामान येत राहिलं. ताई मात्र आली नाही. आली ती सात वर्षांनी, जुन्या कपड्यांची मोठी पिशवी घेऊन.

दारातच ती थबकली. खिडकीला तिचे पडदे होते, ओट्यावर तिचा मिक्सर, भाचीच्या अंगात तिच्या लेकीचा फ्रॉक. ती मटकन खुर्चीत बसली. खुर्चीही तिचीच.

“अगं, हे तर माझंच जुनं घर,” ती हळूच म्हणाली. “यात तुझं काय आहे?”

धाकटीने चहाचं आधण उतरवलं. “सामान वेळेवर येत होतं, ताई. तूच येत नव्हतीस.”

“तुझी ओढाताण कळत होती गं. रिकाम्या हाताने कसं यायचं, असं वाटायचं.”

“रिकाम्याच हातांनी ये. भांडी तरी घासू लागशील.”

ताई हसायला गेली आणि रडली. धाकटीने तिला जवळ घेतलं. नंतर ताईने भीतभीतच विचारलं, तिकडे तुझ्या नवऱ्याला नोकरी बघू का? धाकटी म्हणाली की विचार करून झालाय. सासूबाईंचं अंथरुणावरचं दुखणं, त्यांना कुठे हलवायचं? आणि सगळेच तिकडे गेले तर इथल्या दारांना कुलपंच लावायची का? ताई मग पदर खोचून खरोखरच भांडी घासायला बसली.

आता ती दर सुट्टीत एसटीने येते, एकच पिशवी घेऊन. बंदराकडचे पगार अजून वाढताहेत, इकडचे रांगताहेत. ती दरी दोघींच्या गप्पांनी बुजत नाही. पण गप्पा थांबतही नाहीत.

परवा धाकटीच्या नवऱ्याने स्वतःच्या कमाईचा छोटा फ्रीज आणला. त्यावरचं प्लास्टिक काढायला अजून कुणाचा हात धजत नाही. माझा कॉम्प्रेसर आता शेवटचे आचके देतोय. उद्या मला पडवीत हलवणार आहेत, धाकटीच्या लेकीच्या पुस्तकांचं कपाट म्हणून. मला त्याचं दुःख नाही. पुस्तकं नासत नाहीत.

एवढंच सांगायचं होतं. आपल्या माणसाला जुनी वस्तू जरूर द्या. पण ती नुसती टेम्पोवाल्याच्या हवाली करू नका. त्याच टेम्पोत, ड्रायव्हरशेजारी, तुम्हीही बसा.