उंबऱ्यावर काढलेलं कुलूप

मी छायामावशींचा मोबाईल बोलतोय. दचकू नका. एरवी माझ्यातून माणसं बोलतात आणि मी गप्प असतो, आज जरा उलटं. आधी बसा, पाणी घ्या. आलेल्या माणसाला आधी बसवायचं आणि मग काय हवं ते विचारायचं, ही आमच्या मावशींच्या दुकानाची रीत. मीही तिथेच वाढलो, म्हणून माझ्याही तोंडी तीच भाषा आली. फरक एवढाच की मावशी विकायला बसतात, आणि मी बसलोय ते मनातलं एक ओझं उतरवायला.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला नीट आठवत नाही. काचेच्या बांगडीला भट्टी कुठे आठवते? आठवतो तो दसऱ्याचा दिवस. मेनरोडच्या एका दुकानात खोक्याचं झाकण उघडलं, आणि समोर एक ठसठशीत कुंकवाचा चेहरा दिसला. मनगटापासून कोपरापर्यंत काचेचा किणकिणाट. म्हणाल्या, "दिसायला बरा आहे. टिकायला कसा आहे ते बोला."

मावशी मूळच्या सायखेड्याच्या. शाळा चौथीत सुटली, पण धंदा असा शिकल्या की नाशकात भद्रकालीतल्या आमच्या गल्लीत बांगडीच्या मापाला त्यांचा शब्द शेवटचा. जत्रेत चादर अंथरून बसण्यापासून स्वतःच्या गाळ्यापर्यंत त्या एकट्या आल्या.

दुकानदार म्हणाला, "मावशी, अंगठा ठेवा. तुमच्याशिवाय कुणाला उघडणार नाही."

मावशींनी अंगठा ठेवला. मी ओळखेना. तर्जनी ठेवली, तरीही ओळखेना. आयुष्यभर काच हाताळून त्यांच्या बोटांवरच्या रेघाच पुसट झाल्यात. एवढ्या कष्टाची बोटं, आणि मी त्यांना परकं म्हणालो! पहिल्याच भेटीत खजील झालो.

"मग आकडे ठेवू?"

"आकडे नकोत बाबा. दिवसभर माझ्या तोंडात बांगडीच्या मापाचे आकडेच. दोन-चार आण, दोन-सहा काढ, दोन-आठ दाखव. गिऱ्हाइकासमोर बोलून जाईन."

मग त्याने माझ्यावर नऊ ठिपके आणले. बोट न उचलता जोडायला सांगितलं. मावशी खुदकन हसल्या. "ही तर रांगोळी!" वरून आडवी रेघ, मग खाली, मग मागे, मग वर आणि शेवटी पोटात. झाला शंख.

दुकानदाराने मान फिरवली. "मावशी, मला दाखवू नका ना."

"त्यात काय लपवायचं? रोज दुकानाच्या उंबऱ्यावर काढते मी."

वाक्य हसण्यावारी गेलं. मीही हसलो असेन. खरं तर त्याच क्षणी मी थरथरून वाजायला हवं होतं.

दुकानातले दिवस मजेचे होते. माझी जागा गल्ल्याशेजारी, दोरीत ओवलेल्या बांगड्यांच्या तोड्यांमध्ये. मावशी माल दाखवायच्या आणि हात भरायच्या बायडाबाई. तेलाची वाटी मांडीशी घेऊन बसायच्या, पोरीचा हात हातात घ्यायच्या आणि म्हणायच्या, "हात सैल सोड गं. माझ्याकडं बघू नको, तिकडं बघ." बोलता बोलता अंगठ्याचा सांधा दाबून बांगडी कधी चढायची ते कळायचं नाही. चुकून एखादी गेलीच, तर फुटली म्हणायचं नाही. "वाढली" म्हणायचं, आणि वर एक जास्तीची घालायची.

आणि हात असा हातात आला की बाई बोलते. काय काय ऐकलंय त्या दुकानाने! एका श्रावणात सकाळी सासू आली, "सुनेपेक्षा भारी द्या, पण तिला सांगू नका." दुपारी सून आली, "सासूबाईंपेक्षा भारी द्या, पण त्यांना कळू देऊ नका." मावशींनी दोघींना एकच नमुना दिला, आणि दोघींनाही सांगितलं नाही. हळदीकुंकवाला दोघींचे हात सारखे! भांडायला दोघी मिळूनच दुकानात आल्या, आणि चहा पिऊन मिळूनच गेल्या.

अशी दुकानाची पत होती. इथे बोललेलं इथेच राहतं. मी आलो आणि बायकांचं बोलणं हळूहळू हातातून माझ्यात आलं. वाचायला मावशींना वेळ लागतो, म्हणून सगळ्या जणी आवाज रेकॉर्ड करून पाठवायच्या. मावशी मला कानाला लावून ऐकायच्या, मान डोलवायच्या आणि गप्प बसायच्या. राहायचं मात्र ते माझ्याजवळ.

त्यातला एक आवाज निकिताचा. मावशींच्या माहेरगावी, सायखेड्याला, तिचं सासर. नवरा-बायको नोकरीमुळे नाशकात राहतात. मागच्या वेळी तिला दिवस गेले, तेव्हा सासू सुलाबाईंनी आनंदाने गावभर पेढे वाटले. मावशींकडे हिरव्या चुड्याची ऑर्डरही आली. आणि मग ते राहिलं नाही. त्यानंतर किती महिने लोक विचारत होते, "काय गं, कितवा?" प्रत्येकीला नव्याने सांगायचं, आणि प्रत्येकीचं नव्याने "अरेरे" ऐकायचं. मावशींनी तो चुडा कुणाला विकला नाही. कागदात गुंडाळून कपाटात ठेवला.

श्रावण अर्धा झाला तेव्हा निकिताचा निरोप आला. आवाज अगदी दबका. "मावशी, पुन्हा गोड बातमी आहे. आम्हा दोघांशिवाय कुणाला माहीत नाही. सासूबाईंनाही पाचव्या महिन्यापर्यंत सांगणार नाही. तुम्हाला एवढ्यासाठी सांगते, तो चुडा अजून असेल तर ठेवा."

मावशींनी डोळे पुसले. कपाटातून चुडा काढला, फुंकर मारली आणि परत ठेवला. बायडाबाईंनी ते पाहिलं. विचारलं काहीच नाही, नुसत्या हसल्या. मावशीही हसल्या. तेवढंच.

त्याच आठवड्यात सायखेड्याहून मावशींच्या मोठ्या नणंदबाई आल्या, फुलाबाई; त्यांचं सासरही सायखेड्याचंच. डोळ्यांच्या तपासणीसाठी. वन्सं स्वभावाने मोकळ्या, माणसात रमणाऱ्या. रोज सकाळी मावशींबरोबर दुकानात यायच्या, मावशी उंबऱ्यावर शंख काढायच्या आणि वन्सं रांगोळीचा डबा धरून उभ्या राहायच्या.

एकदा मावशी माल सोडवायला ट्रान्सपोर्टवर गेल्या. मला नेहमीसारखं गल्ल्याशेजारी ठेवून. बायडाबाई शेजारच्या घरी बाळंतिणीचे हात भरायला गेलेल्या. वन्संना फोटो बघावेसे वाटले, मावशींच्या नातीचे, आरोहीचे. मला हातात घेतलं. डोळ्यात थेंब घातलेले, अक्षर काही दिसेना. पण नऊ ठिपके दिसले, आणि बोट आपोआपच फिरलं. आडवं, खाली, मागे, वर, पोटात.

मी उघडलो.

हेच ते माझ्या मनातलं ओझं. बोट वेगळं होतं, त्याचा दाब वेगळा, वास वेगळा. मावशींच्या बोटाला तेलाचा आणि चमकीचा वास येतो, या बोटाला तंबाखूच्या मिश्रीचा. पण मला खूण तेवढी कळते, माणूस कळत नाही. खूण जुळली आणि मी सगळं घर उघडं टाकलं.

आरोहीचे फोटो झाले. मग निरोपांच्या यादीत निकिताचा गोल फोटो दिसला. "अगंबाई, ही तर आपल्या सुलाबाईची सून!" म्हणत वन्संनी त्यावर बोट ठेवलं, मग आतल्या निरोपावर. आणि तो दबका आवाज भर दुपारी रिकाम्या दुकानात मी मोठ्याने ऐकवला.

वन्संच्या मनात खोट नव्हती. ऐकून त्यांना भरूनच आलं. गावी परतल्या आणि सुलाबाईंना गाठून म्हणाल्या, "पेढं कवा देती?"

पुढचं सांगायला नको. सुलाबाईंना वाईट वाटलं, की आपल्याला बाहेरून कळावं! निकिताच्या घरी फोनवर फोन. "अगं जप हं या खेपेला." "मागच्यासारखं नको व्हायला." जे टाळायला तिने जीव मुठीत धरला होता, तेच दाराशी येऊन उभं राहिलं.

निकिता दुकानात आली ती बसलीच नाही. "मावशी, मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं."

"माझ्या लेकीची शपथ, मी तोंड उघडलं नाही."

"मग कुणी उघडलं?"

दुकानात तिसरं माणूस एकच होतं. मावशींची नजर तिकडे गेली. "बायडाबाई, तुम्ही चुडा काढताना पाहिला होता."

बायडाबाईंच्या हातातली बांगडी हातातच राहिली. "छायाताई, ह्या हातांनी इथं किती लेकीबाळींचे हात धरले. कुणाचं एक अक्षर बाहेर नेलं असंल तर सांगा."

"मग काय वाऱ्याने नेलं?"

बायडाबाई उठल्या. पदराला हात पुसले आणि पायऱ्या उतरून गेल्या. तेलाची वाटी तिथेच राहिली, उघडी. हात भरणारीवर बोलण्याचा ठपका आला, की गल्लीत पुन्हा कुणी तिच्या हातात हात देत नाही. हे मावशींना ठाऊक होतं. मला तर सगळंच ठाऊक होतं. आणि तेवढ्यात मी वाजलो! मावशींनी घाईने उचललं. कसल्याशा ऑफरची जाहिरात. खरं सोडून सगळं मला बोलता येत होतं.

बायडाबाई दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत, त्यानंतरही नाहीत. मावशी स्वतः हात भरायला बसल्या आणि एकापाठोपाठ एक बांगड्या वाढायला लागल्या. अशात वन्संचा फोन आला. मावशींचे हात तेलाचे, म्हणून मला स्पीकरवर टाकलं.

"छाया, गौरीचं सामान घेतलं का?"

"कसलं सामान, वन्सं. दुकानात मन लागत नाही. बायडाबाईंनी घात केला. निकिताची गोष्ट त्यांनी गावभर केली."

"बायडानं? अगं बायडाचा काय संबंध? सुलाबाईला मीच म्हणले. तुझ्या मोबाईलवर ऐकलं ना मी. आनंदाचीच गोष्ट हाय, त्यात काय लपवायचं?"

मावशींनी हातातली बांगडी खाली ठेवली. "वन्सं... मोबाईल उघडला कसा तुम्ही?"

"कसा म्हंजी? तुझ्याच रांगोळीनं! रोज तर काढती उंबऱ्यावर. सगळी गल्ली बघती."

मावशींनी उंबऱ्याकडे पाहिलं. शंख तिथेच होता, ठळक, हळदीकुंकू वाहिलेला. येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी माझी किल्ली मांडून ठेवलेली.

मग त्यांनी दुकानाचं शटर ओढलं. एका हातात तेलाची वाटी, बटव्यात मी. बायडाबाईंचं घर फुलेनगरात. दारात उभं राहूनच मावशी म्हणाल्या, "चुकले मी. तुमच्यावर नको ते बोलले."

बायडाबाईंनी वाटी घेतली नाही. "मला सांगून काय उपेग? जिच्यासमोर बोललात, तिच्यासमोर बोला."

मावशींनी तिथेच निकिताला फोन लावला. "निकिता, बायडाबाईंनी एक अक्षर बाहेर नेलं नाही. मोबाईल माझा, कुलूप माझं, आणि किल्ली मीच रोज उंबऱ्यावर काढून ठेवत होते. माझ्याच नणंदेच्या हाती लागली."

पलीकडे नुसतं "बरं" म्हणून फोन बंद झाला.

बायडाबाई दारातून बाजूला झाल्या. मग म्हणाल्या, "आत या. चहा ठेवते." गौरी बसल्या त्या दिवशी त्या पुन्हा आपल्या जागी होत्या. निकिता मात्र आली नाही, निरोपही नाही. आणि गल्लीतल्या काही बायका अजून हात पुढे करताना क्षणभर थबकायच्या. बोललेलं परत घेता येतं, पण ऐकलेलं परत घेता येत नाही हो.

मावशी मला घेऊन मेनरोडला गेल्या. दुकानदाराला म्हणाल्या, "आता नीट शिकव. मी घाई करणार नाही." त्याने सांगितलं, आकडेच ठेवा, पण जन्मसाल नको, गाडीचा नंबर नको, ओळीने येणारे आकडे नकोत. मी बंद असताना निरोपातले शब्द वर दिसणार नाहीत अशी सोय केली. निरोपांना वेगळं कुलूप घातलं. कुणाला एखादा फोटो दाखवायचा तर हातात मोबाईल न देता आपणच धरून दाखवा, म्हणाला. नवे आकडे टाकताना मावशींनी पदर आडवा धरला आणि दुकानदाराने मान फिरवली. या वेळी कुणी हसलं नाही.

संक्रांतीला वन्सं आल्या. सवयीने मला उचललं, तर ठिपकेच नाहीत.

"छाया, तुझा मोबाईल बिघडला गं!"

"बिघडला नाही वन्सं, सुधारला."

वन्सं मनापासून हसल्या. "त्या पोरीचं बरं हाय ना गं?" त्यांनी हळूच विचारलं. मावशींनी उत्तर दिलं नाही. माहीत असतं तरी दिलं नसतं.

माझं वय झालंय आता. काचेला कोपऱ्यात तडा गेलाय, चार्जिंग दुपारीच संपतं. पण हात जोडून एक सांगतो. माझ्यात तुमचंच नाही, तुमच्यावर विसंबलेल्या माणसांचंही बरंच काही असतं. मला माणूस ओळखता येत नाही. जो खूण करेल त्याला मी सगळं देऊन टाकतो, आणि नंतर झुरत बसतो. म्हणून ती खूण तुमच्याजवळच ठेवा. उंबऱ्यावर नको, जिभेवर नको, नात्यातल्या कुणाच्या हातीही नको.

हल्ली कुणी हात पुढे केला, की मावशी आधी मला पालथं करून ड्रॉवरमध्ये ठेवतात. परवा, थंडी ओसरायला लागली तेव्हा, असंच मला आत ठेवलं आणि कपाटाचं दार वाजलं. कागद उलगडल्याचा आवाज आला.

"मावशी, असू द्या," एक आवाज म्हणाला. आता तो दबका नव्हता. "बायडामावशींनाच भरू द्या."

तेलाच्या वाटीचं झाकण सरकलं. "हात सैल सोड गं," बायडाबाई म्हणाल्या. "माझ्याकडं बघू नको, तिकडं बघ."

पुढे त्या दोघी काय बोलल्या, ते मला ऐकू आलं नाही. ऐकायचंही नव्हतं. अंधारात पडून मी फक्त काच किणकिणताना ऐकत होतो. एक एक करून सगळ्या चढल्या. एकही वाढली नाही.