खंडेनवमीचा टिळा

खंडेनवमीला आमच्या वडलांना, तात्यांना, आवरणं कुणाच्या बापाला जमलं नाही. कोयता, खोरं, ट्रॅक्टर, आईची शिलाई मशीन, सगळं धुऊनपुसून मांडायचं आणि एकेकाला हळद-कुंकू लावायचं. माणूस तोफखान्यात नोकरी केलेला. तिथं तोफेलाही टिळा लावल्याशिवाय आम्ही जेवत नव्हतो, असं सांगायचे.

यंदा त्यांना माझ्या बहिणीचं यंत्र सापडलं. संयोगिताताई समुद्रावर संशोधन करते. उसाच्या फडात वाढलेली पोर बोटीवर जाते, हे फलटणच्या बाजारात सांगताना तात्यांची छाती फुगायची. ती तिथं काय करते हे मात्र त्यांना कधीच धड सांगता आलं नाही. आभाळातून कोणत्या रंगाचा किती उजेड पडतो आणि समुद्र त्यातला किती परत पाठवतो, हे तिची यंत्रं मोजतात. त्यावरून पाण्यातल्या बारीक शेवाळाचा अंदाज येतो. पुण्याहून यंत्र तपासून ती गोव्याला निघाली होती, वाटेत सणाला घरी थांबली. "पेटीवर फूल वाहा, पण उघडू नका," एवढंच तिनं बजावलं होतं.

बोटीवरच्या सॅटेलाइट फोनवरून तिचा फोन आला तेव्हा बोट भर समुद्रात होती.

"आभाळातला निळा उजेड कमी झालाय असं यंत्र सांगतंय. खोटं हाय ते. कुणी हात लावलावता?"

तात्या खाकरले. "मीच गं. तू मावशीकडं गेलतीस तवा. डोळं झाकलेल्या हत्याराची कसली पूजा? टोपण काढून काचेला हळदीचं बोट लावलं. टावेलनं पुसलं बी."

पलीकडं नुसता वारा. मग ताई म्हणाली, "तात्या, हळद निळा उजेड खाती वो." आणि लाईन गेली.

पोरीनं रागानं फोन ठेवला, असंच तात्यांनी धरलं. "आवं, समुद्रात रेंज जाती," मी घसा फोडून सांगितलं, पण ऐकतील तर शपथ! बोटीवर आम्हाला फोन लावता येत नव्हता. तिचाच यायला हवा. तात्यांचं जेवण सुटलं. हात साबणानं पुन्हा पुन्हा धुवायचे. "पोरीची मेहनत नासवली मी," एवढंच बोलणं. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्यासाठी जीवही तुटायचा. शेताला जाताना फोन खिशात आहे का, ते चाचपून बघायचे.

अशाच एका सकाळी ते उसाला पाणी द्यायला गेले आणि बांधावर बसल्या जागी गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. आम्ही त्यांना अंगणात आणून ठेवलं. बायका रडत होत्या, आणि तात्यांच्या खिशातला फोन वाजला.

मी तो काढून उचलला. तोफांनी त्यांचे कान गेलेले, त्यामुळं फोन कायम स्पीकरवर. मी तोंड उघडायच्या आतच ताई सुरू झाली.

"तात्या, आधी ऐका, लाईन जाईल. काय बी बिघडलं न्हाई. हितं दुसऱ्याचं तसलंच यंत्र हाय. दोनी शेजारी ठेवून मोजलं, हळदीनं किती उजेड खाल्ला त्ये कळलं. आकडं सगळं दुरुस्त हुत्यात. मी चिडले न्हवते वो. जेवताय न्हवं तुमी?"

आईनं माझा हात धरला आणि फोन तात्यांच्या कानाशी नेला.

"तात्या, बोला की. रागावलाय व्हय माझ्यावर?"

"न्हाई गं ताई," मी म्हणालो, "तात्या गेलं."

तिकडं वारा फार होता. तिला ऐकू गेलं नाही. मला ते पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं.