बाजूची सीट

त्याने इंजिनात पेट्रोल सोडणाऱ्या तिसऱ्या इंजेक्टरची क्लिप अंगठ्याने दाबली, कनेक्टर ओढून काढला, मीटरची एक पिन त्यात खुपसली आणि दुसरी इंजिनच्या लोखंडाला टेकवली. बारा व्होल्ट. चौथ्यालाही बारा. पहिल्या दोघांचं आधीच बघून झालं होतं. करंट येतोय असं मीटर सांगत होता आणि गाडी मात्र ढिम्म.

"सापडलं?" आई दारातून म्हणाली.

"बघतोय."

"माझ्याकडून काय चुकलं, तेवढं सांग."

सकाळपासून हे सातव्यांदा. पहिल्या दोन वेळा त्याने नीट पूर्ण वाक्यात उत्तर दिलं होतं. आता त्याने मान न उचलता नुसता हात हलवला.

नऊ दिवसांपूर्वी, सकाळी दूध यायच्या वेळेला, बाबांच्या छातीत कळ आली. आईने त्यांना धरून या गाडीत बसवलं आणि किल्ली फिरवली. स्टार्टर फिरला, इंजिन धरेना. अकरा वेळा फिरवली, असं ती सांगते. अ‍ॅम्ब्युलन्स शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलेली. शेवटी शेजारचे पोस्टमनकाका आपली गाडी घेऊन आले, त्यात वीस मिनिटं गेली. "वीस मिनिटं आधी आणलं असतं तर..." एवढंच म्हणून डॉक्टर थांबले होते. आई हल्ली पुष्कळ गोष्टी विसरायची, पण ते अर्धं वाक्य तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

त्यात आई काही ऐरीगैरी गाडी चालवणारी नव्हे. तीस वर्षं तिने लोकांना ड्रायव्हिंग शिकवलं. चार गल्ल्यांत जो सरळ गाडी लावतो तो मास्तरीणबाईंचा विद्यार्थी, आणि जो तिरकी लावतो तोही त्यांचाच, फक्त त्याने फी बुडवलेली असते, असं लोक म्हणायचे. गाडी कधी आपणहून अडत नाही, चालवणाऱ्याचं काहीतरी चुकलेलं असतं, हे तिचं पहिल्या दिवशीचं वाक्य. ते आता तिच्यावरच उलटलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणावा तर एवढाच, की तिचा नवरा गाडी शिकला नाही. तो शिंपी. मी मशीन पायाने चालवतो, तेवढं पुरे, म्हणायचा. शिकवणाऱ्यासाठी बाजूच्या सीटपुढे ब्रेकचं दुसरं पेडल होतं, आणि बाबा त्या सीटवर नेहमी पाय आखडून बसायचे. चुकून लागायला नको म्हणून.

मुलगा वायरींत रमला. गाड्यांच्या इलेक्ट्रिकलचं काम, एका रात्रीच्या प्रवासाइतक्या लांबच्या शहरात. दर रविवारी फोन व्हायचा आणि फोनवर सगळं उत्तम असायचं. दुरून डोंगर साजरे, ते असे.

या नऊ दिवसांत त्याला रडू आलं नव्हतं. तो जेवत होता, आलेल्यांना पाणी देत होता, सह्या कुठे करायच्या विचारून करत होता. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल होतो तसा तो सगळाच बधिर झाला होता. गाल आपलाच, पण हात लावला तर दुसऱ्याचा वाटतो. गाडीचं बॉनेट उघडलं ते आईला उत्तर हवं होतं म्हणून, आणि त्याला हाताला काम हवं होतं म्हणून.

स्कॅनरने सकाळीच चारही इंजेक्टरांच्या सर्किटमध्ये दोष दाखवला होता. चार भाऊ एकदम उपाशी राहिले तर खोट भावांत नसते, चुलीत असते. चौघांना मिळून एकच वायर करंट आणते, तेव्हा दोष त्या वायरीत. फ्यूज ठीक, करंट चालू-बंद करणारा रिलेही ठीक. पण मग मीटर बारा का दाखवतो?

त्याने मीटर ठेवून दिला आणि पिशवीच्या तळातून जुना टेस्ट लॅम्प काढला. नवशिके मीटरच्या शब्दावर जातात. मीटर वायरीला नुसतं विचारतो, तिच्याकडून काही मागत नाही, दिवा मागतो. शंभर तंतूंपैकी एक शिल्लक असला तरी मीटर खूश. त्याने दिव्याची पिन कनेक्टरला लावली. आतली तार किंचित लालसर झाली आणि तशीच राहिली. म्हणजे वाटेत कुठेतरी एक कच्चा जोड होता. पण कारखान्यातून आलेल्या या वायरीला वाटेत जोड असायचं काही कारण नव्हतं.

"लागला का शोध?" पोस्टमनकाका कुंपणापाशी येऊन उभे राहिले होते.

"लागेल. काका, मधे ही गाडी कुठल्या गॅरेजला दिली होती का?"

"छे. गॅरेजला कशाला?" काकांनी दाराकडे पाहिलं. आई आत गेली होती. "तुला बाबांनी काहीच सांगितलं नाही?"

"काय?"

"मलाही बजावलं होतं, पोराच्या कानावर घालायचं नाही म्हणून. तो तिथून काय करणार, उगाच जिवाला घोर." काका कुंपणावर रेलले. "गेल्या थंडीत मास्तरीणबाई शिकवायला म्हणून निघाल्या. कोण विद्यार्थीण, तर जिला आता नातवंडं आहेत ती. संध्याकाळी हायवेवर सापडल्या, पेट्रोल संपलेलं. बाजूच्या सीटकडे बघून सांगत होत्या, क्लच हळू सोड, घाई नको."

"बाजूला कोण होतं?"

"कोणी नव्हतं रे."

हातातला दिवा त्याने फडक्यावर ठेवला.

"आता तुम्ही गाडी चालवू नका, असं त्यांना सांगणार कोण? तुझ्या बाबांची काय बिशाद. पण त्यानंतर गाडीच नखरे करायला लागली. त्या एकट्या निघाल्या की सुरू व्हायची नाही. हे बाजूला बसले की पहिल्या झटक्यात. आम्ही चिडवायचो, गाडीनेही पक्ष बदलला म्हणून."

काका गेले. तो रिलेपासून वायरीवर बोट ठेवून निघाला. जिथे ती रबरी बुचातून गाडीच्या आत शिरत होती, तिथे तिच्या सोबतीला आणखी दोन बारीक काळ्या वायरी होत्या, कारखान्याच्या नव्हेत. गालिच्याच्या कडेकडेने त्या बाजूच्या सीटखाली गेल्या होत्या. सीटचं कव्हर बाबांनी शिवलेलं. खालच्या अंगाला, हात सोडला तर बोटं पोचतील अशा जागी, काड्यापेटीएवढा एक खिसा होता. त्याला झाकण, झाकणाला काज, काजात बटण. आत एक साधा स्विच होता, टेबलावरच्या दिव्याला असतो तसला.

स्विच चालू होता. त्याने दोनदा बघितलं. चालूच होता, म्हणजे गाडी स्विचने अडवलेली नव्हती.

मग त्याने गालिचा उचलला. जोड तिथे होता. दोन वायरी एकमेकींना पिळून त्यावर मेण लावलेला दोरा गुंडाळला होता, कोटाची बटणं लावायचा जाड दोरा. वेढ्याला वेढा लागून, एकही वर-खाली नाही, आणि शेवटचं टोक आत वळवून गाठ दिसणार नाही असं बसवलेलं. इतकं देखणं बांधकाम त्याने कुठल्या गाडीत पाहिलं नव्हतं. दोऱ्याखाली मात्र तांबं हिरवं पडलं होतं. जोडाला कथलाचा डाग दिलेला नव्हता.

तेव्हा त्याला फोन आठवला. गेल्या थंडीतलाच.

"गाडी सुरू होऊ नये, पण बिघडूही नये, असं काही करता येतं का रे?"

"चोरांची भीती वाटायला लागली का, बाबा?"

"तसंच समज."

तो जेवत होता. एका हाताने घास घेत त्याने सांगितलं होतं, कुठली वायर, कुठल्या रंगाची, कुठे कापायची, स्विच कसला घ्यायचा. बाबांनी दोनदा विचारून लिहून घेतलं होतं. कशासाठी, याचा ताकास तूर लागू दिला नव्हता, आणि त्यानेही विचारलं नव्हतं. जोडाला डाग द्यायचा, हे सांगितलं होतं का? त्याने पुष्कळ आठवून पाहिलं. नव्हतं सांगितलं. त्याच्या धंद्यात ती सांगायची गोष्टच नव्हती. शिंप्याला कोणी दोऱ्याला गाठ मार म्हणून सांगत नाही. पाच मिनिटांचं काम होतं. तो येऊन करून गेला असता. पण त्यासाठी बाबांना कारण सांगावं लागलं असतं.

आई चहा घेऊन आली. कप बॉनेटच्या कडेला ठेवून ती उघड्या दारातून बाजूच्या सीटकडे बघत राहिली.

"त्या दिवशी सारखे सीटखाली हात घालत होते," ती म्हणाली. "मी इकडे किल्ली फिरवतेय आणि ह्यांचं तिकडे चाचपडणं चाललंय. मी ओरडले, जरा स्वस्थ बसा म्हणून." तिने कपाची दांडी त्याच्या बाजूला वळवली. "काय शोधत होते कोण जाणे."

तो वाकलेला तसाच राहिला. आई आत गेल्यावरही राहिला. चहावर साय धरली.

नंतर त्याने ब्लेड घेऊन दोरा मधोमध कापला. जोड सोडवला, स्विच काढून शर्टाच्या खिशात टाकला, सीटच्या खिशाचं बटण परत लावलं, काळ्या वायरी ओढून काढल्या आणि मूळ वायरीची दोन्ही टोकं खरवडून एकमेकांना मिळवली. लागेल तेव्हा गाडी सुरू झालीच पाहिजे, एवढं त्याचं ठरलं होतं. म्हणजे किल्ली आईकडून कायमची मागून घ्यावी लागणार होती, तिच्या तोंडावर, जे बाबांना जमलं नव्हतं. आणि त्याआधी तिला उत्तर द्यावं लागणार होतं. खरं सांगायचं तर तिच्या नवऱ्याने तिच्यामुळे गाडीत कळ बसवली आणि त्याच कळीने त्याचा घात केला, हे सांगायचं. वायर आपोआप तुटली म्हणावं, तर ती मानणार नाही. गाडी आपणहून अडत नाही. त्याने डाग दिला. कथील चकचकीत होऊन जोडात उतरलं. बोटाला चटका बसला तो त्याला वासावरून कळला.

दिवा लावून पाहिला. भक्क पेटला. किल्ली फिरवली तर अर्ध्या फेरीत इंजिन धरलं, आणि आवाज ऐकून आई धावत बाहेर आली. त्याने गाडी बंद केली. ती बॉनेटपाशी येऊन थांबली.

"वायरीचा एक जोड सुटला होता," तो म्हणाला. "तू अकराशे वेळा किल्ली फिरवली असतीस तरी सुरू झाली नसती. तुझं काही चुकलं नाही."

"जोड कसा सुटेल?"

"जोडणाऱ्याने डाग दिला नव्हता."

"कोणी जोडला होता?"

त्याने फडक्याला हात पुसले. पुसलेले पुन्हा पुसले.

"मी," तो म्हणाला. "मागे आलो होतो तेव्हा. घाईत राहून गेलं."

आईने त्याच्याकडे पाहिलं. मग तिची नजर बॉनेटवर गेली. गार चहाच्या कपाशेजारी कापलेला दोरा पडला होता, वेढ्यांचा वळसा अजून धरून असलेला. तिने तो उचलला. चाळीस वर्षं नवऱ्याने शिवलेल्या कपड्यांची काजं तिने केली होती. तिने दोऱ्यावरून नख ओढलं, नखावर आलेलं मेण बघितलं, आत वळवलेलं टोक शोधून काढलं आणि बोटाने उलगडलं.

"तू," ती म्हणाली.

"हो."

"घाईत."

"हो."

तिने दोरा करंगळीवर गुंडाळला, सावकाश, वेढ्याला वेढा लावून. तो बघत होता. आता रागावेल, आता विचारेल, असं त्याला वाटत होतं आणि आपल्याला पुढचं खोटं सुचणार नाही हेही कळत होतं.

"बरं," ती म्हणाली. "चूक तुझी तर तुझी."

दोरा स्वेटरच्या खिशात टाकून तिने हात पुढे केला. त्याने किल्ली दिली. ती घेऊन आई गाडीला वळसा घालून पलीकडे गेली, दार उघडलं आणि बाजूच्या सीटवर बसली. तीस वर्षं बसत होती तशी, दुसऱ्या पेडलवर पाय अलगद ठेवून. किल्ली तिने स्टिअरिंगपुढच्या रिकाम्या सीटवर ठेवली.

"बस," ती म्हणाली. "माझ्याच्यानं आता होत नाही."

तो बसला. किल्ली तिच्या हातात राहून गरम झाली होती. त्याचं भाजलेलं बोट ठणकायला लागलं होतं, आणि डोळ्यांत पाणी आलं ते त्याला त्या बोटामुळे वाटलं. समोरचा रस्ता नीट दिसेना. आईचा हात सीटच्या कडेने खाली गेला. झाकणाचं बटण काजातून सुटल्याचा बारीक आवाज झाला. तिची बोटं त्या रिकाम्या खिशात थोडा वेळ राहिली. मग तिने बटण परत लावलं आणि हात मांडीवर घेतला.

"आधी आरसे बघ," ती म्हणाली. "आणि क्लच हळू सोड. घाई नको."