अर्जाची कच्ची प्रत

मी एक कच्ची प्रत बोलतेय. तुमच्यापैकी फार जणांनी मला पाहिलं नसेल, कारण मला कुणाला दाखवत नाहीत. अर्ज भरताना आधी जिच्यावर पेन्सिलीने लिहून बघतात आणि पक्का अर्ज तयार झाला की जिला बाजूला सारतात, ती मी.

माझा जन्म अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावात, एका घरातल्या लाँड्रीच्या खोलीतल्या प्रिंटरमधून झाला. शैलजाने एकाच अर्जाच्या दोन प्रती काढल्या. तिचा नवरा शंतनू लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, "दोन कशाला? बारावीच्या बोर्डाचा फॉर्म आहे का हा?"

"खोडाखोड केलेला अर्ज बरा दिसत नाही. आधी कच्चा भरते," ती म्हणाली.

शैलजाने नागपूरला रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. औषधांच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत सहा वर्षं नोकरीही केली होती. इकडे आल्यावर व्हिसामुळे ती अकरा वर्षं घरीच होती. या उन्हाळ्यात तिला काम करायची परवानगी मिळाली. घराजवळच्या प्रौढ शिक्षण केंद्रात प्रयोगशाळा सहायकाचा बारा आठवड्यांचा कोर्स होता, आणि तो केला की केंद्रच नोकरी शोधायला मदत करत असे. सप्टेंबरच्या बॅचमध्ये तिला एक जागा हवी होती. पण हे तिने कुणाला मोठ्याने सांगितलंही नव्हतं.

मी त्याच केंद्राच्या प्रवेशअर्जाची प्रत, आणि माझ्या अंगावर चौतीस प्रश्न छापलेले होते. नववा असा होता: 'अमेरिकेतल्या शाळेत पूर्ण केलेली शेवटची इयत्ता.' शेजारी शून्य ते बारा अशा चौकटी. त्या चौकटींपाशी शैलजाची पेन्सिल बराच वेळ थांबली. मग तिने बाजूच्या कोऱ्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं, एम.एस्सी. केमिस्ट्री, नागपूर. पण माझ्या माथ्यावर ठळक सूचना होती, चौकटीबाहेर लिहू नये.

"शंतनू, इथे फक्त अमेरिकेतलं विचारलंय. काय लिहू?"

त्याची मीटिंग चालू होती. त्याने ती म्यूट केली. "जे विचारलंय तेवढंच लिही, आणि खरं तेच लिही. ऑफिशियल कागदावर एक शब्द इकडचा तिकडे नको."

व्हिसाच्या कागदांनी त्या घराला ही भीती शिकवली होती. शैलजाने रबर घेतलं आणि ती ओळ खोडली. काळा चुरा माझ्या अंगावर पडला, तिने तो फुंकरीने उडवला. मग शून्याच्या चौकटीत खूण केली. अमेरिकेत ती शाळेत गेलीच नव्हती, तेव्हा हे अगदी खरं होतं.

पक्क्या प्रतीवर तिने हीच खूण निळ्या पेनने केली. केंद्रातल्या कॉम्प्युटरने शून्य वाचलं आणि तिला अक्षरओळखीच्या वर्गात टाकलं. काउंटरवर मोठी रांग होती. तिथल्या बाईंनी हसून तिच्या हातात वर्गाची चिठ्ठी दिली आणि शैलजा "थँक यू" म्हणाली. त्या दोन शब्दांवरून कुणाला काय कळणार? पहिल्या दिवशी तिने वर्गातल्या शिक्षिकेला आपल्या शिक्षणाबद्दल सांगायचा प्रयत्न केला. शिक्षिकेने तिच्या खांद्यावर हात ठेवला. पहिल्या दिवशी सगळेच घाबरतात, असं म्हणून ती पुढच्या बाकाकडे गेली.

शैलजाला वाटलं, इथली पद्धतच असेल. सगळ्यांना इथूनच सुरुवात करावी लागत असेल. अर्जात चूक असेल, असं तिच्या मनात आलंच नाही.

मी तिच्या फोल्डरमध्ये तळाशी होते. माझ्या पाठीवर तिने एकदा वाण्याची यादी लिहिली, एरवी ती मला विसरली होती. माझ्यावर सरावाचे कागद येऊन पडत. त्यांवर तिने ठिपके जोडून गिरवलेल्या ए, बी, सीचे वळ माझ्या अंगावर उमटत. मला शरम वाटायची. तो प्रश्न माझ्याच अंगावर छापलेला होता, आणि त्याचं उत्तरही माझ्याच अंगावर खोडलेलं होतं. मला दोन्ही माहीत होतं आणि मी गप्प होते.

एकदा तिच्या मुलीने, रुहीने, चार्जर शोधताना फोल्डर उघडलं. ती नववीत होती.

"मॉम, तू लेटर्स का ट्रेस करतेयस?" ती हसली. मग तिला आईचा चेहरा दिसला आणि ती हसायची थांबली.

"होमवर्क आहे," शैलजा म्हणाली आणि फोल्डर बंद केलं. त्यानंतर ते ती कपाटात कपड्यांखाली ठेवू लागली.

ऑगस्टच्या शेवटी केंद्रात एक मुलगी आली. तिचं नाव ज्ञानदा. ती पुण्याची, इथे डिझाइनमध्ये एम.एस. करत होती. केंद्राचे अर्ज सुधारायचं काम तिला मिळालं होतं. तिने टेबलावर कॉफी मांडली आणि वर्गातल्या एकेकाला बोलावलं. फॉर्म आवडला का, हे ती विचारत नव्हती. तुम्ही तो कसा भरलात ते करून दाखवा, एवढंच म्हणायची.

तिने शैलजापुढे कोरा अर्ज ठेवला. शैलजाने सवयीने पेन्सिलीसाठी फोल्डर उघडलं आणि मी बाहेर घसरले, पाठ वर करून. ज्ञानदाने यादी वाचली. कोथिंबीर, शेंगदाणे, गोडा मसाला.

"काकू, तुम्ही मराठी?" तिने मला उलटलं. "ही काय, कच्ची कॉपी? माझी आईपण अश्शीच. बघू का?"

"नको गं, खोडलंय त्यात."

"खोडलेलंच बघायचंय मला."

तिने मला खिडकीकडे तिरकं धरलं. पेन्सिल जाते, पण दाब राहतो. ज्ञानदा अक्षर अक्षर वाचत गेली आणि मग तिने मला टेबलावर ठेवलं.

"काकू, तुम्ही एबीसीच्या वर्गात का बसता?"

"फॉर्मने सांगितलं तिथे बसले," शैलजा म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज साधाच होता. "मला वाटलं, मी इथे शून्यच."

माझे तुकडे झाले असते तरी मला चाललं असतं.

ज्ञानदा तडक केंद्राच्या मॅनेजरबाईंकडे गेली. त्यांनी कॉम्प्युटर पाहिला. सप्टेंबरच्या बॅचची शेवटची जागा आदल्या दिवशी गेली होती. मॅनेजरबाईंनी शैलजाची माफी मागितली. शैलजाच उलट "इट्स ओके, इट्स ओके" म्हणत राहिली. पण ते ओके नव्हतं. मला ते अजून ओके वाटत नाही.

नवा अर्ज करायला दोन महिने लागले. ज्ञानदाने तीन वेळा तो वर्गातल्या लोकांकडून भरून घेतला. त्यांची पेन्सिल कुठे थांबते ते बघितलं आणि तीन वेळा बदलला. आता त्यात चौदाच प्रश्न आहेत. पहिला असा आहे: 'जगात कुठेही, आजवर तुम्ही काय शिकलात आणि कोणतं काम केलंत?' खाली सहा कोऱ्या ओळी, आणि 'जागा कमी पडली तर मागे लिहा.'

मला ज्ञानदाने शैलजाला विचारून ठेवून घेतलं. शैलजा नाव झाकायला सांगून गेली होती, म्हणून नावावर पांढरी पट्टी आहे. मी प्लास्टिकच्या कव्हरमध्ये केंद्रातच असते. कुणी जुनाच अर्ज बरा होता म्हटलं की मला टेबलावर ठेवतात. लोक वाकून त्या खोडलेल्या ओळीकडे बघतात आणि ती लिहिणारीची कीव करतात. त्यांना मला एवढंच सांगायचंय की शरम त्या ओळीची नाही, तिच्या शेजारच्या छापलेल्या ओळीची आहे. अर्ज छापण्याआधी, तो भरणाऱ्या एखाद्या माणसाशेजारी थोडा वेळ बसा.

नोव्हेंबरमध्ये शैलजा जानेवारीच्या बॅचसाठी नवा अर्ज भरायला आली. तिने पर्समधून निळं पेन काढलं. एकदा इकडेतिकडे पाहिलं, बहुतेक पेन्सिलीसाठी. मग टोपण काढलं आणि पहिल्या ओळीपासून सरळ लिहायला लागली. सहाही ओळी भरल्या. तिने कागद उलटला आणि मागे लिहू लागली.

त्या अर्जाला कच्ची प्रत नाही.