पन्नास दाणे, गळ्यापर्यंत पाणी

मित्रांनो, मी काचेची बरणी आहे. वय पस्तिशीच्या पुढचं. माझ्या तळाजवळ एक टवका उडाला आहे आणि पत्र्याच्या झाकणाला गंज चढला आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली हकिकत सांगताना हळव्या होतात म्हणे. मी हळवी झालेली नाही. मला राग आलेला आहे, आणि दोन वर्षं झाली तरी तो उतरलेला नाही. का, तेच सांगते.

फुटक्या बाटल्या वितळवणाऱ्या एका भट्टीत माझा जन्म झाला. ते गाव कोणतं, मला ठाऊक नाही. मला पहिलं आठवतं ते खामगावच्या बाजारातलं दुकान. तिथून आयशाबींनी मला घेतलं. संग्रामपूर तालुक्यातल्या एका गावात त्यांची शेती होती. उत्तरेला सातपुडा दिसतो, इतकं ते गाव डोंगराच्या जवळ आहे. त्यांनी मला कापडात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि एसटीने घरी आणलं. पुढची कितीतरी वर्षं मी लिंबाचं लोणचं सांभाळलं. एकदाही त्यावर बुरशी येऊ दिली नाही.

आयशाबी गेल्या, तेव्हा घर त्यांची सून जहांआरा हिच्या हाती आलं. तिने मला राखेने घासलं, तीन दिवस उन्हात ठेवलं आणि माझ्यात सोयाबीनचं बी भरलं. दरवर्षी ती घरच्या शेतातलं बियाणं राखून ठेवायची. पोती आतल्या खोलीत असत आणि त्यातला शेरभर नमुना माझ्यात असे. काचेतून कीड दिसते, डाग दिसतो, म्हणून.

तिचं काम मी जवळून पाहिलं आहे. पिकातली वेगळ्या जातीची झाडं ती फुलांवर असतानाच उपटून टाकायची. बियाण्याचं सोयाबीन मळणीयंत्रात घालायची नाही, काठीने हलक्या हाताने झोडपायची. पोती जमिनीवर नाही, लाकडी फळ्यांवर ठेवायची. कोणी पोतं धप्पकन टाकलं की ती आतून ओरडायची, "हळू ठेवा. सोयाबीनचं बी अंड्यावानी असते. आपटलं का गेलं."

गावातल्या बायका तिच्याकडून बियाणं नेत. "भाभीचं बी म्हनजे उगवनारच," असं म्हणत. त्यांनी तसं म्हटलं की फळीवर बसल्या बसल्या मलाही बरं वाटायचं.

मग दोन वर्षांपूर्वीचा मे महिना आला. गावात बायकांचा एक बचत गट आहे. पुष्पाबाई त्याच्या अध्यक्ष. गटातल्या अकरा जणींनी ठरवलं की यंदा सगळ्यांनी जहांआराचंच बियाणं पेरायचं. तिच्याकडे अकरा पोती होती, प्रत्येकीला एक. पुष्पाबाई पोती बघायला आल्या आणि जहांआराने नमुना दाखवायला मला अंगणात आणलं, तेव्हा शेजारच्या ओट्यावर उत्तमराव गुरुजी बसले होते. गुरुजींनी गावच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. त्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नाही.

"घ्या, पण तपासून घ्या," गुरुजी म्हणाले. "विश्वासावर पेरणी करू नये."

यात काहीच वावगं नव्हतं. इथपर्यंत गुरुजींचं बरोबर होतं, हे मी रागात असूनही मान्य करते.

जहांआरा म्हणाली, "हाव गुरुजी, करू ना. ओल्या गोनपाटात शंभर दाने ठेवतो, आठ दिवसात समजते."

"गोणपाटात काय चाललंय ते कोणाला दिसतं? ही काचेची बरणी आहे ना, हिच्यात करू. सगळ्या गावाला दिसेल. बीजाला पाणी मिळालं की अंकुर फुटतो. तुला मीच शिकवलं होतं हे, की विसरलीस?"

जहांआराचं माहेरही याच गावातलं, चौथीपर्यंत ती त्यांच्याच वर्गात होती. तिने मला त्यांच्या हातात दिलं. गुरुजींनी माझ्यातला नमुना सुपात ओतला, पन्नास दाणे मोजून परत टाकले, गळ्यापर्यंत पाणी भरलं, झाकण घट्ट फिरवलं आणि मला त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. सगळ्यांना दिसेल अशा जागी.

मित्रांनो, माझ्या आत काय झालं ते मी पाहिलं आहे. तुम्हाला कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. बी कोरडं असतं तेव्हा झोपलेलं असतं. पाणी मिळालं की ते जागं होतं, आणि जागं झालं की त्याला श्वास लागतो. अगदी तुमच्यासारखा. ते पन्नास दाणे अधाशासारखे पाणी प्यायले. सोयाबीनची साल पातळ, ती लगेच सुरकुतली, मग फुगून फाटली. त्यांनी श्वास घ्यायला सुरुवात केली. पण पाण्यात हवा असते ती चिमूटभर. ती पहिल्या दिवशीच संपली. वरून नवी हवा यायची, तर माझं तोंड बंद. दुसऱ्या दिवशी दाण्यांतला गोडवा पाण्यात उतरला, पाणी गढूळ झालं आणि जिवाणूंनी त्यात बस्तान मांडलं. दोन-तीन दाण्यांनी पांढरं टोक बाहेर काढलं होतं. तेही तिथंच तपकिरी पडलं.

माझ्या डोळ्यांदेखत ते गुदमरले, आणि मी त्यांच्याभोवती भिंत होऊन उभी होते. लोणच्यावर बुरशी येऊ न देणारी मी.

चौथ्या दिवशी सकाळी गुरुजींनी झाकण उघडलं. वास सुटला. पुष्पाबाई आणि गटातल्या चार-पाच जणी जमल्या होत्या. गुरुजींनी एक दाणा बोटांत धरून दाबला. त्याचा चिखल झाला.

"बघा," ते म्हणाले. "हे बियाणं मेलेलं आहे. असलं पेरलं असतं, तर अकरा घरांची पेरणी वाया गेली असती."

जहांआरा मागे उभी होती. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. गटातली केसरबाई मात्र तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात बोलली, "इतके दिवस हेच विकत होती का मंग?"

वीस वर्षं जिने बियाण्याला धक्का लागू दिला नाही, तिच्याबद्दल हे बोललं गेलं. आणि पुरावा म्हणून माझ्याकडे बोट दाखवलं गेलं. मला कोणी विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं. पण बरणीला कोण विचारतं?

जहांआराने मला उचललं आणि घरी आणलं. ती रडली नाही. दुपारभर पोत्यांच्या खोलीत बसून राहिली. तिच्या मनात वेगळीच भीती होती. ऑक्टोबरात सोयाबीन कापलं, तेव्हा त्यावर एक सर पडून गेली होती. तिने ते पुन्हा वाळवलं होतं, तरी आता तिला वाटू लागलं की गुरुजी खरं बोलत असतील. संध्याकाळी तेलगिरणीसाठी सोयाबीन गोळा करणारी गाडी गावात आली. मेलेलं बी ठेवून करायचं काय, म्हणून तिने दोन पोती त्या गाडीत घातली. बाकीची उद्या न्या, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात मटकीला मोड आणायच्या तयारीत होती. मी जवळच धुऊन पालथी घातलेली होते. तिने रात्री भिजवलेली मटकी चाळणीत ओतली, पाणी निथळू दिलं, दाणे ओल्या फडक्यात घेतले आणि गाठ मारता मारता तिचा हात थांबला. किती तरी वेळ ती त्या पुरचुंडीकडे पाहत राहिली. मग स्वतःशीच बोलली, "पानी तं आपन काढून टाकतो."

तिने पुरचुंडी खुंटीला अडकवली आणि मला हातात घेऊन थेट गुरुजींच्या ओट्यावर गेली. जाताना पुष्पाबाईंना हाक मारून सोबत घेतलं.

"गुरुजी, तुमच्या घरी मटकीले मोड आनतेत तवा तीन दिवस पान्यातच ठेवतेत का?"

गुरुजी वर्तमानपत्र वाचत होते. "त्याचा इथं काय संबंध?"

"मले तुमच्या पिशवीतले दाने पायजे. तुमच्या वावरासाठी तुमी दुकानातून आनलं ना बियानं, त्यातले. पन्नास या बरनीत टाका. शंभर मले गोनपाटासाठी द्या."

"माझं बियाणं प्रमाणित आहे, जहांआरा. त्यावर टॅग लावलेला आहे."

"म्हनूनच मांगून राह्यली."

गुरुजींना नाही म्हणता आलं नाही. पुष्पाबाई बघत होत्या. पन्नास दाणे पुन्हा माझ्यात पडले, गळ्यापर्यंत पाणी आलं, झाकण लागलं. या वेळी काय होणार ते मला ठाऊक होतं, आणि तरी मला त्या दाण्यांची दया आली. भांडण माणसांचं होतं आणि जीव त्यांचा जात होता.

दोन्हीकडचे शंभर-शंभर दाणे ओल्या गोणपाटांवर दहा-दहाच्या ओळींत मांडले गेले. जहांआराने गोणपाट आधी पिळून घेतलं होतं. ते ओलं होतं, पण त्यातून पाणी गळत नव्हतं. दोन्हींच्या गुंडाळ्या करून त्या पुष्पाबाईंच्या घरी सावलीत ठेवल्या, म्हणजे कोणाला शंका नको. मलाही तिथंच नेलं. रोज सकाळी पुष्पाबाई गुंडाळ्यांवर पाणी शिंपडायच्या आणि माझ्याकडे बघून नाक मुरडायच्या. तिसऱ्याच दिवशी माझ्या आतलं पाणी गढूळ झालं होतं. गाडीवाला रोज विचारायला येई. जहांआरा त्याला म्हणे, "थांब थोडा."

आठव्या दिवशी गटातल्या सगळ्या जणी जमल्या. गुरुजीही आले. आधी माझं झाकण काढलं. तोच वास, तोच चिखल. मग गुंडाळ्या उलगडल्या. गोणपाटाच्या धाग्यांना घट्ट धरून पांढऱ्याशुभ्र मुळ्या उभ्या होत्या. पुष्पाबाईंनी स्वतः मोजल्या. गुरुजींच्या पिशवीतले शहात्तर उगवले होते. जहांआराचे त्र्याऐंशी.

गुरुजी माझ्याकडे बघत होते.

"पाणी तर साधंच होतं," ते म्हणाले.

"पानी साधंच होतं, गुरुजी," पुष्पाबाई म्हणाल्या. "पन लय होतं."

जहांआराने विचारलं, "माह्या दोन पोत्यायचं काय?"

ती पोती एव्हाना घाण्यात गेली होती. त्यातलं जिवंत बी, जे अजून महिनाभराने दोन घरांच्या शेतात उभं राहिलं असतं, त्याचं तेल आणि पेंड झाली होती. उरलेली नऊ पोती नऊ जणींनी नेली. केसरबाई त्यांत होत्या. त्या खाली मान घालून आल्या आणि "भाभी, माहं बोलनं मनावर घेऊ नको," म्हणाल्या. दोघींना मात्र पुरलं नाही. त्यांना दुकानात जावं लागलं.

त्यानंतर आठवड्याने गुरुजी अंगणात आले. भर दुपार होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. जहांआरा धान्य निवडत होती. गुरुजी उभ्यानेच बोलले, "माझं चुकलं, जहांआरा. बीजाला पाण्याबरोबर हवा लागते, हेही पुस्तकात होतं. मी तेवढं पाणीच लक्षात ठेवलं."

जहांआराने सूप खाली ठेवलं. "बसा गुरुजी, पानी घ्या," ती म्हणाली. ते पाणी प्यायले. मग ती म्हणाली, "पन हे ओट्यावर बोल्ले असते तं बरं झालं असतं. बी मेलं, हे तुमी ओट्यावरच सांगलं होतं."

गुरुजींनी मान हलवली आणि ते गेले. त्यांनी ते ओट्यावर अजून सांगितलेलं नाही. जहांआरा त्यांना रस्त्यात भेटली की नमस्कार करते. ती मोठ्या मनाची आहे. मी काचेची आहे, माझ्यात जे टाकलं ते मला दिसत राहतं.

मित्रांनो, बी नेहमीच निर्दोष असतं, असं मी म्हणत नाही. जुनं झालेलं, किडलेलं, मळणीयंत्रात ठेचलेलं बी उगवत नाही. धानासारखं, म्हणजे भातासारखं, एखादं बी पाण्याखालीही तग धरतं, सोयाबीनला ते जमत नाही. म्हणून तपासा, जरूर तपासा. पण तपासताना त्याला पाणी द्या आणि श्वासही घेऊ द्या. ओलं फडकं, ओलं गोणपाट, थोडी ऊब, बस. माझ्यासारख्या बरणीत करायचंच असेल, तर तळाला ओला कापूस ठेवा आणि झाकण लावू नका. एवढी माझी विनंती आहे.

आणि ज्याचं नाव तुम्ही चारचौघांत खराब केलं असेल, त्याची माफी रिकाम्या गल्लीत मागू नका. जिथं बोललात, तिथंच जाऊन मागा.