दाराबाहेरचा बाक

मी एक जुना सागवानी बाक आहे. मित्रांनो, माझी उमेदीची सारी वर्षे कोर्टाच्या दाराबाहेर गेली. सुताराने मला मुद्दाम लांबलचक केले, कारण साक्षीदार कधी एकटा येत नाही. सोबत मेहुणा असतो आणि डबा असतो. घामेजल्या तळव्यांनी माझी कड धरून माणसे बसत. शिपाईमामा दारात येऊन तीनदा पुकारा करीत, की माणूस उठून आत जाई. ते दिवस आठवले की अजून बरे वाटते.

एकदा एका शिंप्यावर चोरीचा खटला चालला होता. फुलवाल्या आजींनी चोराला पाहिले होते आणि तो हा शिंपी नव्हता. पोलिसांनाही त्यांनी तसेच सांगितले होते. साक्षीला म्हणून त्या माझ्यावर येऊन बसल्या. तेवढ्यात सरकारी वकील बाहेर आले आणि हळूच म्हणाले, "आजी, आज तुमचं काम नाही. घरी जा."

आजी बिचाऱ्या गेल्या. मग पुकारा झाला, पण ओ द्यायला कोणी नव्हते. साक्षीदार सापडत नाही, असे त्याच वकिलांनी आत सांगितले. सारे पाहूनही मला तोंड नव्हते, मित्रांनो. फार वाईट वाटले.

आता निकाल तेवढा उरला होता. शिंप्याची बायको आजींना जाब विचारायला गेली आणि बिंग फुटले. शिंप्याच्या वकिलांनी तक्रार केली. सरकारी वकील ठसक्यात म्हणाले, की माझ्या वागण्याची चौकशी करायचा अधिकार या कोर्टाला नाही, वरच्या कोर्टात जा. तोवर शिंपी तुरुंगात गेला असता.

न्यायाधीशबाई शांतपणे म्हणाल्या, "वरच्या कोर्टाला हे दार दिसत नाही, वकीलसाहेब. साक्षीदार माझ्या दारातून परत गेला. विचारणार मीच."

पुन्हा पुकारा झाला. "आले रे बाबा," म्हणत आजी माझ्यावरून उठल्या. शिंपी सुटला आणि पहिले काम म्हणून त्याने माझ्यासाठी गादी शिवली. केवढा मिरवलो मी!

आता बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत. मी अडगळीत आहे, एक पाय मोडलेला, गादीतला कापूस बाहेर आलेला. माझा पाय जमलाच तर बसवा. पण मित्रांनो, तुमच्या हाकेला कोणी ओ दिली नाही, तर निकाल लावण्याआधी एकदा उठून दाराबाहेर पाहा. त्याला कोणी घरी तर पाठवले नाही ना, एवढे विचारा.