शिंपीमास्तरांच्या छातीतली डबी

मी एक डबी बोलतेय. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, धातूची, पोटात बॅटरी. मला कपाटात शोधू नका. शिंपीमास्तरांच्या छातीत, खांद्याखाली, कातडीच्या आत माझा मुक्काम. माझ्या तारा कानामागून वर चढून थेट मेंदूत उतरतात. तिथे मी सेकंदाला शंभराहून जास्त टिचक्या मारते. मास्तर झोपले तरी मला झोप नाही. स्वस्थ बसणं माझ्या घडणीतच नाही.

कारखान्यात जन्मले, खोक्यात पडून राहिले, मग ऑपरेशन करून मला इथे बसवलं. मास्तरांना कंपवात. हात असे थरथरायचे की सुईत दोरा ओवायलाही बायको लागायची. दुकान बंद पडलं होतं. मला चालू केलं आणि हात जवळजवळ थांबले.

"अहो, शर्टाचं बटण लावा बघू," बायको म्हणाली.

त्यांनी लावलं. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी फुगले. खोटं कशाला बोलू?

माझी फुशारकी चार महिने टिकली.

मास्तरांची जुनी पद्धत होती. कापडावर खडूने आखायचं, कात्री बाजूला ठेवून चहा घ्यायचा, मग बायकोने वहीतलं माप मोठ्यांदा वाचायचं आणि मगच कापायचं. आता आखलं की कापलं. एका वकिलाच्या कोटाची बाही वीतभर आखूड झाली.

"वकिलाची आहे की त्याच्या नातवाची?" बायको म्हणाली.

"हात चालतोय ना? मग झालं."

माझ्या टिचक्यांनी शब्दही अडायला लागले. "अगं ते दे, ते..." म्हणून थांबायचे. त्यांनी पुढे बोलायच्या आत ती म्हणायची, "मोजपट्टी." प्रेमाने म्हणायची, पण त्यामुळे त्यांचं अडणं कोणाला दिसायचंच नाही.

मग तपासणी आली. चाचणी घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "एका मिनिटात क वरून येतील तितके शब्द सांगा."

"कापड... कात्री..." मास्तर अडले.

शेजारी बसलेली बायको सवयीने पुटपुटली, "कॉलर." मास्तर म्हणाले, "कॉलर." मग तशीच काज, कंबर, कळी अशी रांगच लागली. पंखा खडखडत होता, बाईंचं लक्ष घड्याळाकडे. त्यांनी खुणा केल्या. "छान, डोकं शाबूत आहे." उरलेली थोडी थरथर जावी म्हणून डॉक्टरांनी माझा जोर आणखी वाढवला. मी नको नको म्हणत होते. माझं कोण ऐकतंय?

आठवडाभरात एक म्हातारी नवऱ्याचा कोट घेऊन आली. नवरा वारलेला. कोट तिच्या मापाचा करून हवा होता. ती खुर्चीत टेकते न टेकते तोच मास्तरांनी कोटाच्या खांद्यावर कात्री चालवली. माप घेतलंच नव्हतं.

म्हातारी एवढंच म्हणाली, "दुसरा नाही हो माझ्याकडे."

बायकोने त्यांच्या हातातून कात्री काढून घेतली, दुकानाला कुलूप लावलं आणि त्यांना घेऊन तडक दवाखाना गाठला.

"चाचणीच्या दिवशी ह्यांचे शब्द दोनच होते. बाकीचे माझे," ती डॉक्टरांना म्हणाली.

मास्तर तिच्याकडे वळले. "तू सांगत होतीस?"

"तुम्ही अडलात की मला बघवत नाही."

तिला बाहेर बसवून चाचणी पुन्हा झाली. पूर्ण मिनिटात चार शब्द. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "जोर कमी केला तर घाई कमी होईल. शब्द सगळे परत येतील असं नाही. हात मात्र थोडा थरथरेल. बोला, काय करायचं?"

तिला आत बोलावलं होतं. मास्तर उत्तर शोधू लागले. तिने तोंड उघडलं आणि स्वतःच हाताने दाबून धरलं. कितीतरी वेळ गेला. मी टिचक्या मोजत बसले.

"कमी... करा," मास्तर म्हणाले.

आता मी हलक्या हाताने टिचक्या मारते. मास्तरांचा डावा हात थरथरतो. कोटाचा खांदा त्यांनी जोड देऊन शिवला, तीन आठवडे लावून. जोड दिसतो. म्हातारी तो घालते.

काही वर्षांनी माझी बॅटरी संपेल, मला काढून दुसरी बसवतील. तिला हे कोणी सांगणार नाही, म्हणून तुम्हांला सांगते. असा माणूस बोलता बोलता थांबला, तर त्याच्या तोंडात शब्द कोंबू नका. तुमचा जीव कासावीस होईल. होऊ द्या. तो शोधतोय.